एकाच कोअरवर चालणारा प्रोग्राम अनेक कोअरवर कसा वाटावा

गोव्याच्या १२ तालुक्यांतील पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून सरासरी काढणारा आणि सांगे तालुक्यातील साळावली धरणाचा रोजचा साठा मांडणारा एक प्रोग्राम आहे, असे समजू. संगणकात ८ कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करू शकणारे प्रोसेसरचे भाग, आहेत, पण प्रोग्राम राबवतो एकालाच.

कोडला हात लावण्याआधी वेळ कुठे जातो ते मोजावे. पायथनसाठी सीप्रोफाइल, लिनक्सवरील सी प्रोग्रामसाठी पर्फ ही साधने पुरतात. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, एकूण वेळेपैकी ८० टक्के वेळ वाटण्याजोग्या कामात जात असेल, तर ८ कोअरवर वेग जेमतेम ३.३ पट होतो आणि कोअर कितीही वाढवले तरी तो ५ पटीपुढे जात नाही. एवढ्याने भागणार नसेल, तर पुढच्या खटाटोपात पडू नये.

मग सर्वाधिक वेळ खाणारे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणारा कोडचा भाग, घेऊन प्रत्येक फेरीला दोन प्रश्न विचारावेत: आधीच्या फेरीने लिहिलेले काही ही फेरी वाचते का, आणि दोन फेऱ्या एकाच जागी लिहितात का? पेडणे तालुक्याच्या सरासरीला काणकोण तालुक्याच्या आकड्यांशी कर्तव्य नसते, म्हणून ती कामे खुशाल वाटावीत. साळावलीचा आजचा साठा मात्र कालचा साठा, आवक आणि विसर्ग यांवरून निघतो. ते लूप जसेच्या तसे ठेवावे, मात्र अंजुणेसारख्या दुसऱ्या धरणाचा हिशेब असेल, तर तो त्याच वेळी दुसऱ्या कोअरवर चालवता येतो. राज्यातील पावसाची एकूण बेरीज वरवर अशीच परावलंबी भासते, पण प्रत्येक कोअरने आपापली बेरीज करून शेवटी त्या एकत्र केल्या की काम होते. सी प्रोग्रामचे काम कोअरवर वाटून देणाऱ्या ओपनएमपीमध्ये त्यासाठी ‘रिडक्शन’ची सोय आहे.

वाटणी किती बारीक करावी, हा खरा कौशल्याचा भाग. सारख्या आकाराची १२ कामे ८ कोअरवर टाकली, तर दुसऱ्या खेपेला ४ कोअर रिकामे बसतात आणि या भागाचा वेग ६ पटीवरच अडतो. त्यापेक्षा प्रत्येक पर्जन्यमापक केंद्रानुसार लहान तुकडे करावेत. पायथनच्या नेहमीच्या आवृत्तीत शुद्ध पायथनमधील गणिताला थ्रेड (एकाच प्रोग्रामात, सामायिक मेमरीवर समांतर चालणारे कामाचे धागे) वापरून वेग येत नाही, तिथे स्वतंत्र प्रोसेस (आपापली मेमरी असलेल्या प्रोग्रामच्या वेगळ्या प्रती) वापराव्यात.

शेवटी जुने आणि नवे उत्तर ताडून पाहावे. बेरजेचा क्रम बदलल्याने दशांश चिन्हानंतरचे अखेरचे अंक किंचित हलले तर चालेल. दर वेळी निराळेच उत्तर आले, तर सामायिक व्हेरिएबलवर दोन थ्रेड एकदम लिहीत असण्याची शक्यता मोठी, आणि सी प्रोग्राममध्ये अशा चुका शोधणारे थ्रेडसॅनिटायझर हे साधन बहुधा नेमकी ती ओळ दाखवते.