नाशिकमध्ये गाणे शिकायला येणाऱ्यांसाठी

नाशिकला शास्त्रीय गाणे शिकायला आलेला विद्यार्थी सहसा पहिल्याच दिवशी क्लासचा पत्ता विचारतो. माझ्या मते क्लास ठरवण्याआधी त्याने दोन महिने शहरातील सभागृहांत जाऊन नुसते ऐकावे, कारण आपल्याला कोणाकडे शिकायचे आहे हे फीच्या तक्त्यावरून नव्हे, तर त्या गुरूंचे शिष्य मंचावर कसे गातात यावरून कळते. मी हे उलट्या क्रमाने केले आणि त्यात माझे एक वर्ष गेले.

ऐकण्याच्या जागा नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. शालिमारजवळचे महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर मोठे आहे, पण तिथे नाटकांची वर्दळ अधिक असते. 1840 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह, गंगापूर रस्त्यावरचे कुसुमाग्रज स्मारक आणि कुर्तकोटी सभागृह यांच्यावर नवख्याने विशेष लक्ष ठेवावे. लहान सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले की गायकाचा श्वास कुठे तुटतो आणि तबलजी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी त्याच्याकडे कसा पाहतो, हेही दिसते.

गोदाघाटावर किंवा पिंपळपारावर होणाऱ्या पहाटेच्या मैफली चुकवू नयेत. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना एरवी रात्री 10 ते सकाळी 6 बंदी असल्यामुळे दरबारी किंवा मालकंस यांसारखे रात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकायचे असतील, तर बंदिस्त सभागृह किंवा एखाद्याच्या घरची बैठकच गाठावी लागते. उलट भैरव, ललत किंवा तोडी ऐकायला पाडवा पहाटेसारखी संधी नाही. थंडीत मफलर गुंडाळून जावे लागते, एवढेच.

या शहराचा संगीत शिक्षणाशी असलेला संबंध जुना आहे. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात पंचवटीत आश्रम करून राहिले आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांचा जन्म 1921 मध्ये नाशिकमध्येच झाला. विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये जे गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले, त्याच्याच परीक्षांना आज येथील बहुतेक क्लासचे विद्यार्थी बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार असा हा क्रम असून परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. दहावीच्या अतिरिक्त गुणांसाठी बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु पुढे शिकवण्याचा व्यवसाय करायचा असेल, तर केवळ परीक्षा पुरत नाहीत; विशारदचे प्रमाणपत्र हाती असूनही एक ख्याल वीस मिनिटे मांडता न येणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पहिली काही वर्षे मीही त्यांपैकीच एक होतो.

माझ्या पहिल्या जाहीर गायनाचा प्रसंग सांगतो. मंचामागच्या उकाड्याच्या खोलीत आम्ही दोन्ही तानपुरे काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, मन लावून जुळवले, तारांखालचे जवारीचे दोरे सरकवून झंकार साधला आणि थेट वातानुकूलित मंचावर जाऊन बसलो. पहिल्या आलापातच पंचमाची तार सुरातून हलली, पाठोपाठ जोडाची, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी, एक तार बोलेना, आणि मागे बसलेली गुरुभगिनी कार्यक्रमभर खुंटी पिळत राहिली. तेव्हापासून वाद्ये अर्धा तास आधी मंचावरच नेऊन ठेवण्याचा आणि पडदा उघडण्यापूर्वी पुन्हा जुळवण्याचा माझा नियम आहे. पावसाळ्यात तबल्याचेही तसेच होते; दमट हवेत पुडी (वरचे चामडे) सैलावून उजव्या तबल्याचा सूर उतरतो, म्हणून तबलजीला हातोडी चालवायला वेळ द्यावा.

नाट्यगृहे सत्रांनुसार भाड्याने मिळतात, त्यामुळे वाद्ये जुळवणे आणि ध्वनिव्यवस्था तपासणे हा वेळ आपल्या सत्रातच धरावा लागतो. मंचावरच्या या गोष्टी स्वतःचा कार्यक्रम करण्याआधीच शिकायच्या असतील, तर उपाय म्हणजे कोणाच्याही कार्यक्रमात तानपुऱ्याला बसण्याची तयारी दाखवणे. मानधन मिळेलच असे नाही, पण गायकाच्या मागे दोन हातांवर बसून जे शिकता येते, ते पहिल्या रांगेचे तिकीट काढूनही मिळत नाही. मला माझे आजचे गुरू अशाच एका बैठकीत भेटले, चहा पिताना त्यांनी एवढेच विचारले, "तानपुरा कोणी लावला होता?"