तळ्याकाठी तंबू: आधी जागा, मग बाकीचं

मुलांना घेऊन तळ्याकाठी मुक्काम करायचा तर उजेड असतानाच पोहोचा. मी एकदा अंधारात, पाण्याला अगदी खेटून तंबू ठोकला. पहाटे जाग आली ती कपाळावर टपकलेल्या थेंबाने. आतलं कापड ओलंचिंब, धाकटीचं पांघरूणसुद्धा. सखल जागी थंड हवा साचते आणि श्वासातली वाफ कापडावर दवासारखी धरते. तेव्हापासून मी काठापासून निदान ६० मीटर मागे, किंचित उंचवट्यावर जागा बघते. काठही प्राण्यांना पाणी प्यायला मोकळा राहतो. डोक्यावर वाळकी फांदी लोंबत नाही ना, ते मान वर करून पाहा. तंबू उभारण्याआधी जमिनीवर नुसतं आडवं पडून बघा. संध्याकाळचा खडा रात्री धोंडा होतो. थंडी असली तरी तंबूची खिडकी थोडी उघडीच ठेवा, म्हणजे ती वाफ बाहेर जाते.

भांडी तळ्यात विसळू नका, साबण कितीही 'नैसर्गिक' असो. पाणी बादलीने लांब आणा, खरकटं गाळून पिशवीत भरा, उरलेलं पाणी मातीवर पसरून टाका. तंबूत खाऊ ठेवूच नका.

मुलं पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने फक्त बघायचं. आमच्यात ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याची पाळी; त्याचा मोबाइल तंबूत. आणि हो, फुगवलेली रिंग म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे.