बुकमार्क हाताशी ठेवताना
मिळकतकर, महावितरणचे वीजबिल, पीएमपीएमएल बसचे वेळापत्रक अशी पुण्यातल्या घरात वारंवार लागणारी संकेतस्थळांची पाने ब्राउझरमध्ये विंडोजवर कंट्रोल आणि डी या कळांनी चटकन बुकमार्क म्हणून जतन होतात. मात्र त्याच वेळी नाव बदलून योग्य फोल्डर निवडला नाही, तर ती ढिगात हरवतात. पानाचे मूळ लांबलचक शीर्षक न ठेवता 'मिळकतकर' एवढेच लिहावे. रोजच्या पानांचे नाव पूर्ण पुसल्यास बुकमार्कच्या पट्टीवर केवळ चिन्ह उरते व तेवढ्याच जागेत बरीच पाने मावतात. क्रोममध्ये ही पट्टी कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून दाखवता वा लपवता येते.

फोल्डरात फोल्डर करत जाण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, कारण बुकमार्क शेवटी शोधूनच उघडले जातात. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या चौकटीत आधी तारांकन (*), मग एक मोकळी जागा आणि पुढे 'कर' असे टंकले, की बुकमार्कमधलीच जुळणारी पाने समोर येतात; शिवाय तेथे एकाच पानाला अनेक टॅग, म्हणजे ओळखीची लेबले, जोडता येत असल्याने वीजबिल 'घर'मध्ये ठेवावे की 'बिले'मध्ये, हा पेच उरत नाही. संगणक बदलण्यापूर्वी बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये निर्यात करून ठेवावेत. ती फाइल क्रोम, फायरफॉक्स, एज या तिन्हींत आयात होते.