‘अँसीझ’ बसवताना: आधी आस, मग वेग

फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांनी ‘अँसीझ’ हे एकल पियानोसाठीचं काम १९९४ मध्ये लिहिलं, मिलानच्या उंबेर्तो मिकेली पियानो स्पर्धेसाठी. मग त्याच मालमसाल्यातून तीन पियानो, तीन हार्प आणि तीन तालवादकांचं ‘सूर अँसीझ’ उभं राहिलं, आणि २००१ मध्ये मूळ एकल रचनाही लांबली. म्हणून तुम्ही उतरणार असाल त्या स्पर्धेच्या नियमांत कुठली आवृत्ती मागितली आहे ते आधी बघा. जुनी चारेक मिनिटांची, नवी दहाच्या आसपास. चुकीची प्रत पाठ झाली तर महिने वाया जातात.

रचनेच्या मुळाशी सहा स्वर आहेत: ई फ्लॅट, ए, सी, बी, ई, डी. जर्मन आणि फ्रेंच स्वरनावं जोडली की पॉल साखर या स्विस संगीत-संचालकाचं आडनाव तयार होतं. हे सहा स्वर जिथे जिथे दिसतात, वर-खाली सरकवलेल्या रूपातसुद्धा, तिथे पेन्सिलने खूण करा. पाठांतराला तेवढाच खुंटा मिळतो. एरवी प्रत्येक पान सारखंच वाटायला लागतं.

सुरुवात संथ आणि मोकळी. बारीक नोटांचा झुबका येतो आणि लांब स्वरावर टेकतो. नवखे लोक झुबक्यावर घाम गाळतात, लांब स्वर मात्र कसाबसा उरकतात. क्रम उलटा ठेवा. आधी नुसते लांब स्वर वाजवा आणि प्रत्येकाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कुठवर ऐकू येते ते ऐका. मग झुबके कणस्वरासारखे, मुख्य स्वराला ओझरते चिकटवून, जोडा. पेडल झुबक्याआधीच दाबलं तर त्याचा गाळ मुख्य स्वरात उतरतो. तो कानाला खटकला की लांब स्वरावर टेकतानाच पेडल बदला.

वेगाच्या भागात एकच नोट दोन्ही हात आलटून पालटून ठोकतात. इथे अडतं ते बोटांच्या वेगामुळे नाही, जागेमुळे. एक हात पट्टीच्या आत, दुसरा कडेला; कुठला वर, कुठला खाली हे पहिल्या दिवशीच ठरवून लिहा, नंतर बदललं तर सगळं विस्कटतं. नोटांचे गट असमान असल्यामुळे मेट्रोनोम मात्रेवर न लावता सर्वांत लहान नोटेवर लावा, निम्म्या वेगात. मनगट आखडलं की आघात जड होतात आणि पट्टी वेळेत परत येत नाही.

घरचा पियानो उभा असेल तर या भागाची खरी परीक्षा तिथे होणारच नाही. मोठ्या आडव्या ग्रँड पियानोत पियानो बनवणाऱ्या एरार यांनी १८२१ मध्ये नोंदवलेली दुहेरी सुटकेची यंत्रणा असते, त्यामुळे पट्टी पूर्ण वर न येताही पुन्हा वाजते. उभ्या पियानोत ती बहुधा नसते. शिवाय त्याचं मधलं पेडल बहुतेक वेळा नुसता आवाज दाबणारं असतं. आठवड्यातून तासभर तरी ग्रँड मिळवाच, मुंबई-पुण्यात हे खर्चिक असलं तरी.

ग्रँडचं मधलं पेडल फक्त आधी दाबलेले स्वर धरून ठेवतं, त्यामुळे त्याचा क्रम पक्का हवा. स्वरसमूह आवाज न करता दाबा, मधलं पेडल खाली घ्या, मग हात उचला. उजवं पेडल त्याआधीच खाली असेल तर तारांचा नाद थांबवणारे सगळेच डॅम्पर वर अडकतात आणि कल्लोळ होतो. स्पर्धेच्या पियानोवर तालमीची पाच मिनिटं मिळाली तर वेगाच्या भागाआधी हेच तपासा: खर्जातला स्वरसमूह धरून वरचा एक स्वर तोडून वाजवा. खालून मंद गुंजन आलं नाही, तर ट्यूनरला तिथेच सांगा.