स्पीकरचे स्टँड: विकत घ्या नाहीतर घरी बनवा, पण आधी टेप घेऊन सोफ्यावर बसा

बुकशेल्फ स्पीकर हे नावच मुळात फसवं आहे. १९५४ साली एडगर विलचर यांचा एआर-१ हा स्पीकर आला आणि बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून छोट्या आकारात खोल बास काढता येतो हे लोकांना दिसलं, मग स्पीकर फळीवर मावायला लागले आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पण फळीवर ठेवला की मागची भिंत जवळ येते, बास फुगतो, फळी स्वतःच वाजायला लागते, आणि ट्वीटर (बारीक, उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) बघावं तर कपाळाच्याही वर नाहीतर पार गुडघ्यापाशी. म्हणून स्टँड लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाई असलेल्यांचा वेळ वाचेल: स्टँडच्या ३ गोष्टी बघायच्या, उंची बरोबर आहे का, डुगडुगतो का, धक्का लागला तर पडेल का. बाकी स्पाइक (खाली लावायचे टोकदार पाय) कुठल्या धातूचे आणि प्लेटला कसलं कोटिंग यावर लोक रात्र रात्र भांडतात, भांडू देत.

उंचीचं बघू. ट्वीटर साधारण कानाच्या लेव्हलला हवा. आता कान किती उंचीवर आहे हे मोजायला माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ बसतो आणि नंतर गाणी ऐकताना सोफ्यात पार रुतून बसतो, तिथेच ५-७ सेमीचा घोळ होतो. तर जसे रोज बसता तसेच बसा, १० मिनिटं काहीतरी ऐका, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून कानापर्यंत टेप लावायला सांगा. समजा ९२ सेमी आलं. स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंत २५ सेमी. म्हणजे स्टँड ६७ सेमीचा, आणि हे स्पाइक किंवा रबराचे पाय धरून बरं का. बाजारात ६० ते ७० सेमीचे स्टँड जास्त दिसतात ते याच हिशोबाने.

एवढं काटेकोर कशाला, तर वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग) आणि ट्वीटर दोघं मिळून स्वरांचा एक पट्टा वाजवतात, क्रॉसओव्हर म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काम जातं ती जागा बऱ्याचदा २ ते ३ हजार हर्ट्झच्या मधे असतो. २५०० हर्ट्झला ध्वनीलहरीची लांबी जेमतेम १४ सेमी. तुम्ही खूप वर किंवा खूप खाली बसलात की दोघांपासून कानापर्यंतच्या अंतरात फरक पडतो, आणि तो फरक अर्ध्या लहरीकडे म्हणजे ७ सेमीकडे जायला लागला की त्या पट्ट्यात खड्डा पडतो. गाणाऱ्याचा आवाज मागे गेल्यासारखा, कोंदट वाटतो. उगाच अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या बसतात.

पण घाबरू नका, अडीच मीटरवर बसत असाल तर ४-५ सेमी इकडेतिकडे म्हणजे जेमतेम १ अंश, चालतं. केफ कंपनीच्या युनि-क्यूसारखे स्पीकर, ज्यांच्यात ट्वीटर वूफरच्या पोटातच बसवलेला असतो ते या बाबतीत आणखी सोशिक. आणि काही स्पीकरांत ट्वीटर खाली नि वूफर वर असतो, तिथे कंपनीच्या माहितीपत्रकात कानाची उंची काय दिलीय ते आधी बघा, माझा हिशोब तिथे लावू नका.

स्टँड आधीच घरात आहे पण बुटका निघाला तर लगेच टाकून देऊ नका, स्पीकर मागे कलवा. समजा १५ सेमी कमी पडतायत, तुम्ही २५० सेमीवर बसता आणि स्पीकरची खोली २५ सेमी आहे, तर पुढचा भाग १५ गुणिले २५ भागिले २५०, म्हणजे दीड सेमी उचलायचा. पुढच्या दोन कोपऱ्यांखाली रबराचे तुकडे, झालं काम. मागे घसरत नाही ना एवढं बघा.

आणि काहीही खरेदी करण्याआधी एक आठवडा स्पीकर खुर्चीवर, स्टुलावर, पुस्तकांच्या थप्पीवर, मिळेल त्यावर ठेवून उंची आणि जागा बदलून बघा. फक्त बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा, बातम्या चालतील, आवाज दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध तोंडाच्या उंचीवर उभा राहिला की जागा सापडली. स्टँडचा खरा फायदा तर हाच की स्पीकर खोलीत कुठेही नेता येतो. वूफरपासून मागची भिंत ६० सेमीवर असेल तर भिंतीवरून परत आलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो (३४३ भागिले अंतराची चौपट, मीटरमधे), १ मीटर असेल तर ८६ हर्ट्झला. २० सेमी सरकवला तरी फरक कळतो, आणि हे कुठलाही महागडा स्पाइक करून देणार नाही.

विकत घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी करा. एक, टॉप प्लेटवर तळहात ठेवून पुढेमागे हलवा, वेल्डिंग किंवा स्क्रू ढिला असेल तर लगेच कळतं. दोन, खांबावर बोटाच्या पेराने टकटक करा, "टणन्" असं लांब वाजलं तर खांब पोकळ आहे आणि आत वाळू भरायची सोय आहे का विचारा, "ठप्प" असं मेलेलं वाजलं तर उत्तम. तीन, बेस प्लेट स्पीकरपेक्षा रुंदही हवी आणि खोलही. टॉप प्लेट स्पीकरच्या तळाएवढी किंवा किंचित लहान बरी, बाहेर आलेले कोपरे दिसायला वाईट आणि नेमके कोपरालाच लागतात.

वजनदार स्टँडच चांगला का, तर तसं काही नाही. ब्रिटिश पद्धतीच्या पातळ भिंतीच्या खोक्यांचे स्पीकर, बीबीसीच्या एलएस३/५ए वगैरेच्या कुळातले, हलक्या उघड्या चौकटीच्या स्टँडवर लोक आनंदाने ऐकतात. हिशोब करून बघा, वूफरचा हलणारा भाग समजा १२ ग्रॅम आणि खोकं ६ किलो, म्हणजे वूफर जितका हलेल त्याच्या पाचशेव्या भागाइतकं खोकं मागे ढकललं जाणार. फार नाही. पण स्टँड डुगडुगत असेल किंवा पत्रा स्वतः वाजत असेल तर ते मात्र ऐकू येतं.

आता घरी बनवायचं. लोखंडी चौकोनी पाइप कापून वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो, मस्त होतो, पण प्लेट वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते आणि मग स्पीकर तीनच कोपऱ्यांवर उभा, तेव्हा घरी आणण्याआधी प्लेटवर सरळ पट्टी आडवीतिडवी ठेवून बघा. मला स्वतःला लाकूड आणि ११० मिमीचा पीव्हीसी पाइप जास्त आवडतो कारण चुकलं तर परत करता येतं.

बेससाठी १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) किंवा प्लायचे दोन थर चिकटवून ३६ मिमी, आकार साधारण ३० बाय ३५ सेमी. वरची प्लेट २५ मिमी. मघाचे ६७ सेमी धरले आणि पाय १ सेमीचे, तर पाइप येतो ६० सेमीला एखाददोन मिमी कमी. पाइप काटकोनात कापणं हीच खरी कसोटी. एक लांब कागद पाइपभोवती गुंडाळा, कागदाच्या कडा एकमेकींवर तंतोतंत जुळवा आणि त्या कडेने पेन्सिल फिरवा, रेघ आपोआप सरळ येते. कापून झालं की सपाट फरशीवर सँडपेपर ठेवून पाइपचं तोंड गोल गोल घासा आणि गुण्या लावून बघा.

पाइप प्लेटवर सरकू नये म्हणून त्याच्या आतल्या मापाची प्लायची गोल चकती दोन्ही प्लेटना स्क्रूने लावायची, पाइप त्यावर टोपीसारखा बसतो. मधोमध भोक पाडून ८ मिमीचा पूर्ण आटे असलेला रॉड वरपासून खालपर्यंत, दोन्ही टोकांना मोठं वॉशर आणि नट. नटसाठी प्लेटमधे १०-११ मिमी खोल खळगा करायलाच हवा, नट वर आला तर स्पीकर त्याच्यावरच डुलत बसेल, माझ्या पहिल्या जोडीला हेच झालं होतं. नट आवळला की सगळं एकत्र दाबून बसतं, पण एमडीएफ दाबलं जाईल इतकं नका आवळू.

वाळू वरची प्लेट लावायच्या आधी भरायची आणि ती कोरडीठाक हवी. मी एकदा "दिसतेय की कोरडी" म्हणून लोखंडी स्टँडमधे तशीच ओतली, थोड्याच आठवड्यांत खालच्या वेल्डपाशी तांबूस पाणी आलं आणि फरशीवर जो डाग पडला तो अजून आहे. चाळून, ट्रेमधे पसरून कडक उन्हात किंवा ओव्हनमधे वाळवा, गार होऊ द्या, मग भरा. खालच्या चकतीच्या कडेने सिलिकॉन फिरवा म्हणजे गळणार नाही. एका पाइपात सगळी मिळून साडेसात किलोच्या आसपास मावते, दोन-तृतीयांश भरली तरी टणटण जाते आणि वजन खाली राहतं. शिशाचे छर्रे सुचवणारे भेटतील, नको, शिसं विषारी आहे, घरात कशाला.

पायाखाली काय? गालिचा असेल तर स्पाइक, ते गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या टणक जमिनीवर टेकतात आणि डोलणं थांबतं, एवढंच त्यांचं खरं काम. टाइल्सवर किंवा लाकडी फरशीवर स्पाइक म्हणजे ओरखडे, तिथे रबर किंवा फेल्ट. वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असेल आणि ती स्पीकरबरोबर थरथरत असेल तर मऊ पाय किंवा स्प्रिंग उपयोगी पडतात, पण ते भाराखाली नीट दबले पाहिजेत: जितके मिलिमीटर दबला त्याचं वर्गमूळ काढून १५.८ ला त्याने भागलं की त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी ढोबळमानाने कळते. अडीच मिमी दबला तर १० हर्ट्झ, छान. दगडासारखं कडक रबर जे दबतच नाही ते फक्त फरशीला ओरखड्यांपासून वाचवतं, कंपनं अडवत नाही.

स्पीकर आणि प्लेटच्या मधे ब्लू टॅकचे (कणकेसारखं मऊ, चिकट पुटी) वाटाण्याएवढे चार गोळे, कोपऱ्यांत. धक्का लागला तरी स्पीकर घसरत नाही. काढताना मात्र सरळ वर ओढू नका, हळूहळू पिळल्यासारखं फिरवत सोडवा, नाहीतर व्हिनिअर (खोक्यावरचा लाकडाचा पातळ थर) सोबत निघून येतं. लहान मुलं किंवा मांजर घरात असेल तर स्पीकर चढवून स्टँड १० अंश चारी बाजूंनी कलवून बघा, सोडल्यावर स्वतःहून सरळ झाला पाहिजे. नाही झाला तर बेस मोठा करा, दुसरा इलाज नाही.

शेवटी स्पिरिट लेव्हल लावा, दोन्ही स्पीकरची उंची एकसारखी करा, आणि वायर पाइपच्या मागून खाली आणून बेसपाशी बांधा म्हणजे कोणाचा पाय अडकला तर झटका स्पीकरला न बसता बेसला बसेल. महिन्याभराने नट परत एकदा तपासा, लाकूड बसतं आणि अर्धा-पाऊण फेरा हमखास ढिला मिळतो.