अपराधीपणाच्या वाक्यातला ‘च’

पाळणाघराच्या दारात पायात बूट आणि पाठीला दप्तर लावून बसलेली आपली मुलगी दिसली, की नोकरी करणाऱ्या आईच्या पोटात काय तुटते, ते मी चांगले जाणते. एका पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या आणि मला पोहोचायला पावणेदोन तास उशीर झाला. बाकीची मुले घरी गेली होती, ताईंनी तिला वरणभात भरवला होता आणि ती रडतही नव्हती. रडले मी, रात्री भांडी घासताना. त्यानंतर कित्येक दिवस मनात एकच वाक्य घोळत राहिले : “माझ्यामुळे पोरीची आबाळ होते.” अशा वाक्याचे काय करायचे, हे मला हळूहळू उमगत गेले, जे उपयोगी पडले तेवढेच येथे मांडते आहे.

सर्वांत आधी ते वाक्य वहीत लिहून काढावे, मन ज्या शब्दांत बोलते नेमके त्याच शब्दांत. मनात असते तोवर ते धूसर असते, आणि धूसर असते म्हणूनच सगळ्या दिवसावर पसरते. त्याच्याखाली त्या दिवशी घडले तेवढेच, पंचनाम्यात लिहितात तसे, लिहावे : गाडी थांबली; पावणेदोन तास उशीर झाला; मुलगी जेवली होती; तिने दोनदा विचारले, “आई कधी येणार?” ‘आबाळ’ हा शब्द या पंचनाम्यात कुठेच बसत नाही, हे मला कागदावर पाहिल्यावरच कळले.

मग स्वतःला सरळ विचारावे, की माझ्या हातून खरोखर काही चुकले आहे का? कधीकधी चुकलेले असते. दिवसभराचा शीण मुलावर निघतो, हात उगारला जातो. तेव्हा वाटणारी टोचणी योग्यच आहे आणि ती झटकून टाकू नये. मुलासमोर खाली बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून, “मी ओरडले, ते चुकले” एवढेच म्हणावे; पुढे “पण तूही ऐकत नाहीस” जोडले की ती माफी राहत नाही. भरपाई करता येण्यासारखी असेल तर करावी. मी शेजारच्या काकूंचे नाव पाळणाघरात लिहून दिले, म्हणजे मला उशीर झाला तर मुलीला त्या घरी नेतील. एवढे केल्यावर तो विषय संपायला हवा. भरपाई होऊनही टोचणी उरत असेल, तर ती आपल्या चुकीमुळे नसून मनातल्या एखाद्या नियमामुळे असते.

हा नियम ओळखण्याची खूण मराठीत फार सोपी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली हट्टी मागणी आपल्याला अधिक छळते, हे तिचे मूळ सूत्र. आणि आपल्या भाषेत ही मागणी बहुधा ‘च’ या एका अक्षरात दडलेली असते. “डबा मीच केला पाहिजे.” “सासूबाईंना दवाखान्यात मीच न्यायला हवे.” “पुरणपोळी घरचीच हवी.” वहीतल्या वाक्यातला ‘च’ शोधून त्याला गोल करावा आणि तो वगळून वाक्य मोठ्याने म्हणावे : “सासूबाईंना मी नेले तर मला बरे वाटेल, नाही जमले तर त्यांचा मुलगा नेईल.” इथे इच्छा सोडायची नाही, काळजीही कमी करायची नाही, फक्त सक्ती काढायची आहे. त्यानंतरही थोडी हळहळ राहते आणि ती राहू द्यावी. हळहळ माणसाला काम करू देते, अपराधीपणा जागच्या जागी खिळवून ठेवतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली, तिचाही मला आधार वाटतो. आईकडून होणाऱ्या लहानसहान, सोसण्याजोग्या उणिवांतूनच मूल बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यायला शिकते, असे ते सांगत.

चिंतेचा उपाय वेगळा आहे. “चिंता करू नकोस” म्हणून ती कधीच थांबत नाही, तेव्हा तिला वेळ नेमून द्यावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा उपाय तपासून पाहिला होता : रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास चिंतेसाठी ठेवायचा आणि एरवी आलेली चिंता त्या वेळेवर ढकलायची. ही जागा अंथरूण नसावी आणि वेळ झोपेच्या तोंडावरची नसावी. त्या अर्ध्या तासात प्रत्येक चिंतेपुढे आपल्या हातात असलेले एखादे काम लिहावे. गावी एकट्या राहणाऱ्या आईची साखर वाढेल ही चिंता असेल, तर आठवड्याच्या गोळ्या दिवसवार डबीत भरून देणे आणि तपासणीची तारीख ठरवणे हे काम झाले. काहीच लिहिता येत नसेल, तर ती चिंता दुसऱ्या दिवसाच्या अर्ध्या तासापर्यंत तशीच ठेवावी.

मात्र सगळे मनावर सोडणे अन्यायाचे होईल. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, भारतात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७. ज्या हातांवर एवढे काम, त्याच हातांना चुकल्यासारखे वाटत राहणार. म्हणून घरात ‘मदत’ मागू नये, अख्खे काम सोपवावे. लसीकरणाचे कार्ड, तारखा आणि डॉक्टरांचा नंबर नवऱ्याच्या हाती द्यावा आणि नंतर आठवण करून देण्याचा मोह आवरावा. हे मला सर्वांत कठीण गेले. कामाच्या ठिकाणीही संकोच करू नये. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मिळाली. ती मागणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नव्हे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक हरवली, कशातच मन लागेना, विशेषतः बाळंतपणानंतर, तर वहीवर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी, कारण त्याच्या बिघाडातही असाच थकवा आणि उदासी येते. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. जीव नकोसा झाल्याचा किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगावे आणि एकटे राहू नये.

सुरुवात करताना पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये, फक्त लिहावे. रात्री ओटा पुसून झाल्यावरची पाच मिनिटे पुरतात. आठवड्याच्या शेवटी पाने चाळून एकच ‘च’ निवडावा, शक्यतो सर्वांत लहान. माझा डब्यातल्या पोळ्यांचा होता. आमच्याकडे आता बुधवारी पोळ्या बाहेरून येतात.