लॅपटॉपवर जुळतो, बागेतल्या बोर्डावर नाही: चेकसमच्या या चुका टाळा

वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागेत ओलाव्याचा सेन्सर आणि आर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड बसवला. आकडे पटण्यासारखे येतात, पण चेकसम (संदेश वाटेत बिघडला का ते कळावं म्हणून त्याच्या बाइटांवरून काढून सोबत पाठवलेला आकडा) जुळत नाही म्हणून घरचा लॅपटॉप संदेश टाकून देतो. पहिला आळ उंदरावर: “वायर कुरतडली असन, भाऊ.” विहिरीवरची मोटर सुरू होतानाच संदेश बिघडत असतील तर वायर जरूर तपासा. पण आकडे ठीक आणि चेकसम दर वेळी चुकीचा असेल, तर बांधावर फिरू नका, कोड उघडा.

बहुतेक वेळा घोळ ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात सापडतो. लॅपटॉपवर तो ३२ बिटांचा, उनोवर १६ बिटांचा. एक बाइट २४ घरं डावीकडे सरकवायला गेलात की लॅपटॉपवर निभावतं, उनोवर हाती कचरा येतो. ‘अनसाइन्ड लाँग’ (ऋण न होणारा मोठा पूर्णांक) याचं उलटं: उनोवर ३२ बिट, ६४ बिटी लिनक्सवर ६४. म्हणून रुंदी स्पष्ट लिहिलेले प्रकारच वापरा, आणि बाइट सरकवण्याआधी तो ३२ बिटी अनसाइन्ड करून घ्या.

याहून छळणारी चूक चिन्हाची. १२८ किंवा त्याहून मोठा बाइट ८ घरं सरकवला की उनोच्या १६ बिटी इंटमध्ये तो ऋण होतो. पुढे ३२ बिटी संख्येत मिसळला की वरचे सगळे बिट १ होतात. ओलावा ० ते २५५ मापात पाठवत असाल तर कोरड्या दिवसांत सगळं सुरळीत, आणि पाऊस पडला की चेकसम चुकतो. मग लोक डब्यात पाणी शिरलं म्हणून झाकणाला एमसील लावत बसतात!

‘१२३४५६७८९’ हे अंक देऊन चेकसम ताडायची नेहमीची चाचणी इथं पुरत नाही. झिप फाइलींत असतो त्या सीआरसी-३२ या चेकसमचं उत्तर हेक्समध्ये (१६ च्या पायावर) सीबीएफ४३९२६ आणि मॉडबस या यंत्रांच्या संदेशपद्धतीतल्या सीआरसीचं ४बी३७ यायला हवं, हे खरं. (अंक इंग्रजी टायपातले हवेत, यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंकाला ३ बाइट लागतात.) पण यातला एकही बाइट १२८ च्या वर नाही. सोबत ० ते २५५ हे सगळे बाइट ओळीनं देऊन दोन्हीकडची उत्तरं ताडून पाहा.

सीआरसी-३२ झटपट काढायला ठेवलेला २५६ नोंदींचा तक्ता १०२४ बाइट खातो, म्हणजे उनोची अर्धी रॅम. नुसतं ‘कॉन्स्ट’ लिहून तो फ्लॅशमध्ये (प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत) राहत नाही. त्याला ‘प्रोगमेम’ हा शब्द लावा आणि वाचतानाही त्याचंच फंक्शन वापरा. नाहीतर १६ नोंदींचा तक्ता घ्या, ६४ बाइटांत भागतं. वेग थोडा कमी होईल, पण ओलावा मोजायला घाई कसली?

स्ट्रक्चर (अनेक आकड्यांचा एकत्र गठ्ठा) जसंच्या तसं चेकसममध्ये ढकलू नका. एक बाइट क्रमांक आणि चार बाइट आकडा उनोवर ५ बाइटांत मावतो, लॅपटॉपवर मध्ये रिकामे बाइट घुसून सहसा ८ होतात. आणि मॉडबसच्या चौकटीत सीआरसीचा खालचा बाइट आधी जातो.